साठ हातांचा सांडवा

अड्याळजवळच्या त्या तलावाचा सांडवा मी सरळ केला. सरकारी ओव्हरसियर होऊन मला तेव्हा तीनच वर्षं झाली होती आणि डोक्यात नको तेवढी हवा होती.

तलाव भरला की जास्तीचं पाणी तिथून ओसंडून नाल्याला लागायचं. तिथल्याच तुलाराम कोहळीच्या आज्यानं दोन खडकांमध्ये तो विळ्यासारखा वाकडा बांधला होता. माझ्या साहेबांनी नकाशावर सरळ रेघ मारली. खडक तेच, पण वाकडा होता तेव्हा सांडव्याचा काठ साठ हात भरायचा, सरळ झाल्यावर तो चाळीसच उरणार होता.

तुलारामनं कोपरापासून हात लावत लावत मला मोजून दाखवलं. मोठ्या पुरात या काठावर दोन हात पाणी चढतं, म्हणाला, आणि तलावाची मातीची पाळ काठापेक्षा अडीच हातच उंच आहे. वीस हात कापले तर पाणी जाईल कुठून? त्याचं घर पाळीखालीच होतं. हिशेब मलाही येत होता. लांबी एवढी घटली की तेवढाच पूर जायला पाणी तिसऱ्या हिश्शानं जास्त चढतं. म्हणजे पाळीच्या वर दोन-तीन बोटं. तेवढ्यासाठी साहेबांशी वाद कोण घालणार? सिमेंट गुळगुळीत असतं, पाणी पळतं, असं सांगून मी त्याला वाटेला लावलं. आज त्याची लाज वाटते.

एकोणऐंशीच्या श्रावणात झड लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी पाळीच्या माथ्याला टेकलं. सांडव्याची नवी भिंत फोडू, तुलाराम म्हणाला. हुकूम नाही, मी म्हणालो. हातात सब्बल घेऊन तो माझ्याकडे बघत राहिला. मग दोन बोटं पाणी पाळीवरून वाहायला लागलं आणि अर्ध्या तासात पाळ फुटली. त्याची सून पंचफुला गाय सोडायला गोठ्यात गेली होती. ती दोन दिवसांनी दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत सापडली.

पुढच्या उन्हाळ्यात नवा सांडवा मंजूर झाला, पहिल्यासारखा वाकडा. जुना मीच पाडला होता आणि त्याचं माप कुठल्याच कागदावर नव्हतं. टेप घेऊन मी तुलारामच्या दारात गेलो, काठ कुठून किती वळवायचा ते एकदा दाखवा म्हणालो.

तो दोर वळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"मोजून तं तवाच देलं होतं, बाबू," तो म्हणाला. "तुमीच लिवलं नाई."