हातमोजे घालून बघा

मित्रांनो, मी एक जुना जीपीएस आहे. मुठीत मावणारा, पाच जाड बटणांचा. आणि सध्या माझं टाळकं फिरलेलं आहे.

मला कोणत्या कारखान्यात जोडलं ते आठवत नाही. आठवतं ते मुलुंडच्या सुशांत परबचं घर आणि कामशेतचा डोंगर. हिवाळ्यात सुशांत पॅराग्लायडिंगला जायचा, तेव्हा मी त्याच्या मांडीवर पट्ट्याने बांधलेला असायचो. हवेत तरंगताना आपण किती वेगाने पुढे सरकतोय, हे मी सांगायचो. आकडा घसरू लागला की समजायचं, समोरचा वारा चढलाय, मुकाट्याने खाली उतरा. हातमोजे घालूनही माझी बटणं सहज दाबली जायची. "म्हातारा भरवशाचा आहे," असं सुशांत चारचौघांत सांगायचा आणि मी फुगायचो.

मग त्याची धाकटी बहीण मानसी उडायला शिकली. एकटीच्या पहिल्या लांब उड्डाणासाठी ती मलाच मागत होती. पण सुशांत दादासाहेबांना तिच्यासाठी नवा जीपीएस दसऱ्याच्या मुहूर्तावरच आणायचा होता! तिला न घेताच तो अंधेरीच्या दुकानात गेला. मी त्याच्या खिशात होतो.

"हातमोजे घालून बघा एकदा," दुकानदार देवदत्त म्हणाला.

"अहो, इथे घामाने जीव चाललाय, हातमोजे कसले? स्क्रीन बघा ना, झकास!" सुशांत म्हणाला.

एकही बटण नसलेलं ते गुळगुळीत ध्यान घरी आलं. त्याला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. उडून बघण्याआधीच पूजा! मला तेव्हाच शिसारी आली होती.

पुढच्या रविवारी मानसीने झेप घेतली. सुशांत डोंगरावर वॉकीटॉकी धरून उभा होता. थोड्या वेळाने तिचा आवाज आला.

"दादा, स्क्रीन नकाशावरच अडकलीय! वेग दिसत नाही!"

"हातमोजा काढ ना!"

"दोरी सोडून काढू? वेडा झालायस काय रे?"

तोवर वाऱ्याने जोर धरला होता. आपण मागे ढकलले जातोय, हे तिला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. डोंगराच्या पाठीमागे करवंदीच्या जाळीत ती आदळली. पायाचा घोटा मोडला. आणि मी इथे सुशांतच्या खिशात, धडधाकट! मला माझीच लाज वाटली.

घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सुशांत सांगत सुटला, "वाराच वाईट होता हो." किळस आली मला. त्याहून मोठी किळस पुढे होती. पठ्ठ्याने तो नवा जीपीएस फोनवरून विकायला काढला. लिहिलं काय, तर 'एकदाच वापरलेला, उत्तम स्थितीत'.

प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून मानसीने ते वाचलं.

"दादा, फोन दे इकडे."

"अगं, खरं लिहिलं तर कोण घेणार?"

"नको घेऊ दे. दुसऱ्या कुणाची बहीण पडायला नको."

तिने स्वतः खाली लिहिलं, 'हातमोजे घालून चालत नाही. मी पडले आहे.' सुशांतने तिच्या पायाखालची उशी सारखी केली. मग म्हणाला, "चुकलं माझं, मानू."

मित्रांनो, दुसऱ्यासाठी वस्तू निवडाल तेव्हा मुहूर्त नंतर बघा. ती ज्याच्या हातात जाणार, त्याला आधी विचारा. त्या जाहिरातीला अजून एकही गिऱ्हाईक आलेलं नाही, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.