एकटा इलिश

प्रद्योत लाहांनी नऊ चित्रपट काढले, नऊही कादंबऱ्यांवरून. प्रत्येक वेळी कलकत्त्यातल्या शहाण्यांनी वर्तमानपत्रात एकच वाक्य लिहिलं: पुस्तक जास्त चांगलं होतं. मी चोवीस वर्षं लाहांचा सहायक होतो. शाळा सहावीत सुटली, पण ती नऊ पुस्तकं मी प्रत्येकी तीनदा वाचलीत. म्हणून छातीठोक सांगतो, त्या शहाण्यांतल्या निम्म्यांनी पुस्तक उघडलंच नव्हतं. उरलेले निम्मे चित्रपट चालू असताना घोरत होते.

तरी नवव्या चित्रपटाच्या वेळी माती खाल्ली ती आम्हीच.

कादंबरी चारुप्रभा गुह यांची. बाई मूळच्या बारिशालच्या. फाळणीत घरदार सोडून आल्या आणि विजयगडच्या निर्वासित वसाहतीत राहिल्या. वय बहात्तर, जीभ मात्र बाविशीतली. त्यांनी जन्मात कुणाला चित्रपटासाठी पुस्तक दिलं नव्हतं. लाहांना दिलं, पण कागदावर अट घालून: तयार चित्रपट आधी मी बघणार, मी सही केली तरच तो लोकांसमोर येणार. लाहांचे आधीचे दोन चित्रपट आपटले होते. निर्माते साधनबाबू तोंडावर म्हणाले होते, ‘‘हा अडकला तर तुम्ही केसांच्या तेलाच्या जाहिराती करा, प्रद्योतबाबू.’’

टॉलीगंजच्या स्टुडिओतल्या छोट्या हॉलमध्ये बाईंना चित्रपट दाखवला. पहिला तास सुरळीत गेला. मग सरस्वतीपूजेचा प्रसंग आला. रीतीप्रमाणे विजयादशमीपासून बंद असलेला इलिश मासा त्या दिवशी पुन्हा घरात येतो. सासू त्याचं स्वागत करते आणि कोवळी विधवा सून दाराआडून बघते. लाहांना या प्रसंगाचा भारी अभिमान. पितळी ताटात एकच इलिश, खिडकीतून तिरका उजेड, खवल्यांवर चांदी. एवढ्यासाठी आम्ही अख्खा दिवस घालवला होता.

‘‘थांबवा!’’ बाई ओरडल्या. ‘‘दुसरा कुठाय?’’

‘‘दुसरा काय, मावशी?’’ लाहांनी विचारलं.

‘‘मासा! दुसरा मासा!’’

लाहांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तक उघडलं. ते माझ्या हातात असायचंच. ‘‘मावशी, पुस्तकात इतकंच आहे, ‘घरात इलिश आला.’ एक का दोन, लिहिलेलं नाही.’’

‘‘लग्नाचं लिहिताना ‘नवरा-नवरी मिळून दोघं होती’ असं लिहितोस का रे, गाढवा? सरस्वतीपूजेला इलिशाची जोडीच आणतात. सुपात ठेवतात, शेंदूर लावतात, धान-दूर्वा वाहतात. जोडपं घरात घेतात. प्रद्योत, तू घोटी ना?’’

‘‘हो. हाटखोल्याचे आम्ही. सात पिढ्या.’’

‘‘तरीच.’’

नदीपलीकडून आलेले ते बांगाल आणि इथले जुने ते घोटी. डाळीतल्या साखरेपासून फुटबॉलपर्यंत दोघांचं पटत नाही. लाहा घोटी, कॅमेरामन घोटी, सासू झालेली नटी घोटी, मी हावड्याचा, म्हणजे घोटीच. युनिटमध्ये बांगाल एकटा, दिवे लावणारा माणिक. त्याला मी नंतर धरलं, ‘‘तू बोलला का नाहीस?’’ तर म्हणाला, ‘‘मला वाटलं, कला असेल.’’

बाई उठल्या. ‘‘माझी सून त्या जोडीकडे बघते रे. आपला माणूस इकडे येताना वाटेत गेला आणि इथे माशांचंसुद्धा जोडपं होतंय, हे बघते. एकट्या माशाकडे बघून ती काय विचार करणार? बाजारभावाचा?’’

सही न करता निघून गेल्या.

लाहा हॉलच्या पायरीवर बसले. म्हणाले, ‘‘तो प्रसंगच कापून टाकतो. प्रसंग नाही तर चूक नाही.’’

‘‘कापा. मग मलाही कापा,’’ मी म्हणालो. ‘‘सगळं पुस्तक त्या दारात उभं आहे. तीनदा वाचून मला ते दिसलं नाही. त्या शहाण्यांना मी शिव्या घालतो, आणि मी कोण लागून गेलो?’’

‘‘ओरडू नकोस, हाबुल.’’

‘‘ओरडणार! तुम्ही उजेड बघत बसलात, मासा बघितला नाहीत!’’

ते मला मारतील असं वाटलं. पण हसले. म्हणाले, ‘‘चल विजयगडला.’’

बाईंनी दार अर्धंच उघडलं. लाहा म्हणाले, ‘‘मावशी, चुकलो. पुन्हा चित्रण करतो. तुम्ही शिकवा.’’

‘‘पूजा चार दिवसांवर आहे. त्या दिवशी या. मासे आणा. मोजता येतात ना दोन?’’

पूजेच्या सकाळी मी गडियाहाटच्या बाजारात सगळ्या कोळिणींची बोलणी खाल्ली. एक इलिश सगळ्यांकडे होता, शोभेल अशी जोडी कुणाकडेच नाही. शेवटी एकीने टोपलीच्या तळातून काढून दिली आणि विचारलं, ‘‘घोटी दिसतोस. जावई बांगाल केलास की काय?’’

बाईंच्या अंगणात कॅमेरा लागला. शेजारणी गोळा झाल्या. सासू झालेल्या नटीने सूप घेतलं आणि माशांच्या कपाळी शेंदूर लावला, पण पाकिटावर तिकीट चिकटवावं तसा. बाईंनी दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा तिला कोपराने बाजूला सारलं. ‘‘सर. बघ.’’

स्वतःच सूप उचललं. पांढऱ्या पातळाचा पदर खोचला, मासे तोंडाला तोंड लावून ठेवले आणि शेंदूर लावला. शेजारणींनी पदर तोंडाला लावला. विधवेने शेंदराला हात लावायचा नाही, हे काय त्यांना सांगायला हवं होतं? लाहांनी कॅमेरामनच्या पाठीवर हात ठेवला. फक्त हात, फक्त मासे. माणिकने दिवा हलूही दिला नाही. मग मागून कुणा म्हातारीने लग्नात देतात तसा जिभेने उलूध्वनी दिला आणि पाठोपाठ सगळ्या बायकांनी. लाहा ‘कट’ म्हणालेच नाहीत. रीळ संपलं, तेव्हा कॅमेरा थांबला.

दाराआडच्या सुनेच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कुणी सांगून आणलेलं नव्हतं.

मग पानं वाढली. मोहरीतला इलिश आणि गरम भात. बाईंनी सगळ्यांना वाढलं आणि उरलेली शेपटीची तुकडी स्वतःच्या पानात घेतली. विधवेला मासा वर्ज्य; एका शेजारणीने हातातला घास परत पानात ठेवला.

‘‘काय बघतेस?’’ बाई म्हणाल्या. ‘‘लग्न मी लावलं. जेवायला कोण बसणार, भटजी?’’

पहिली हसली ती घास ठेवणारीच.

लाहांच्या घशात काटा अडकला. बाईंनी भाताचा कोरडा गोळा त्यांच्या हातावर ठेवला. ‘‘गीळ. घोटीला काटा काढता येत नाही आणि निघाला कादंबऱ्या काढायला. कागद आण.’’

‘‘आधी चित्रपट पुन्हा बघणार ना?’’ लाहांनी खोकत विचारलं.

‘‘माझेच हात मी काय बघायचेत? आण.’’

खरकट्या उजव्या हातानेच त्यांनी सही केली. तो कागद माझ्याकडे आहे. सही पुसट झाली, हळदीचा अंगठा अजून ठळक आहे.

चित्रपट अकरा आठवडे चालला. एका शहाण्याने लिहिलं की पुस्तक जास्त चांगलं होतं, आणि माशांची जोडी ही दिग्दर्शकाची पदरची भर. मी कात्रण घेऊन, बाह्या सरसावूनच विजयगडला गेलो. बाई मासा-भात जेवत होत्या. त्यांनी ते दोनदा वाचलं.

‘‘घोटी असणार,’’ म्हणाल्या, आणि त्याच कात्रणावर माशाचे काटे काढून ठेवले.