उंबऱ्यावरची राखण

सिद्धव्वाचा थोरला मुलगा शिवशरण बांधाच्या भांडणात कुऱ्हाडीखाली गेला. मारणारा तुरुंगात गेला, त्याचा भाऊ भीमण्णा गावातच राहिला, आणि निंबर्ग्यातल्या रिकाम्या मोठ्या माणसांना धंदा मिळाला.

धाकटा बंडेप्पा माती देताना बोलून बसला होता की, भावाचा सूड घेतल्याशिवाय डोक्याला रुमाल बांधणार नाही. झालं. रोज संध्याकाळी ही माणसं समाचाराला यायची, सिद्धव्वाच्या हातचा चहा फुरफुर प्यायची आणि उठता उठता विचारायची, "अजून उघडंच का रे डोकं?" त्यांची पाठ वळली की बंडेप्पा भाकरी सारून कुऱ्हाड दगडावर घासायला बसे. ज्या दिवशी कोणी येत नसे, त्या दिवशी तो पोटभर जेवे, बैलाशी बोले, भावाची आठवण काढून रडेसुद्धा. हे सिद्धव्वाच्या ध्यानात आलं.

येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर दुखणं घरात येतं, हे तिने पूर्वी एकदा पाहिलं होतं. देवीच्या साथीत आरोग्य खात्याच्या अच्युतरावांनी तिला एका रोग्याच्या दाराशी रोजावर राखणीला बसवलं होतं. "रोग्याला भिऊ नका, सिद्धव्वा," ते म्हणाले होते, "येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवा. टोचून घेतल्याशिवाय कोणी आत जायचं नाही." तेव्हा गावातले हेच मिशीवाले सुई बघून पळाले होते. तिचा सख्खा भाऊ बसलिंगप्पा तर कडब्याच्या गंजीत शिरला होता. त्याला पाय धरून ओढून काढावं लागलं.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी सिद्धव्वाने देवीच्या रोग्याच्या दाराला बांधतात तसा कडुलिंबाचा डहाळा दाराला बांधला आणि उंबऱ्यात बसकण मारली. बंडेप्पा आत होता. उद्या बाजारात भीमण्णा एकटाच येणार, हे त्याला चार जणांनी चारदा सांगून झालं होतं.

आधी हॉटेलवाला मल्लिकार्जुन आला. डहाळा बघून दचकला.

"आत जायाचं तर टोचून घ्यावं लागंल, अण्णा."

"कसलं टोचणं, अक्का? साथ कुठाय?"

"हाय की. तुमच्या जिभंवरनं पसरायलीय." सिद्धव्वाने आवाज चढवला नाही. "इथं गल्लीत उभं राहून मोठ्यानं म्हणा, बंडेप्पासंगं सूड घ्यायला माझा पोरगाबी जाईल. मग खुशाल आत जावा."

मल्लिकार्जुनाला चुलीवर ठेवलेलं दूध आठवलं. त्याच्यामागून आलेल्या दोघांना तर गल्लीच्या तोंडाशीच घरची कामं आठवली. आपापली पोरं सगळ्यांना फार प्रिय होती.

शेवटी बसलिंगप्पा आला, मिशीला तेल लावून.

"सख्ख्या भावाला अडवायलीस?"

"घरच्याला आधी टोचतेत."

तिच्या डोक्यावरून आत तोंड घालून तो ओरडला, "बंडू, मर्द असशील तर उद्या दाखव. न्हाई तर बांगड्या भर."

बंडेप्पा कुऱ्हाड घेऊनच बाहेर आला. सिद्धव्वा उंबऱ्यातून हलली नाही. पोराने मघापासूनचं सगळं ऐकलं होतं. त्याने कुऱ्हाडीचा दांडा मामाच्या हातात दिला.

"तुम्ही पुढं व्हा, मामा. मी मागं हाय."

बसलिंगप्पाच्या तोंडातली सुपारी थांबली. मग त्याचा गुडघा दुखू लागला. गुडघ्यावरून गोष्ट वातावर गेली, वातावरून वैद्यावर, आणि तो कुऱ्हाड भिंतीला टेकवून लंगडत निघाला. गल्लीच्या वळणापर्यंत लंगडला, पुढे नीट चालला.

बंडेप्पा कितीतरी वेळ त्या वळणाकडे बघत होता. "ह्याच्यासाठी मी मरायलो होतो व्हय, अव्वा?" तो म्हणाला आणि भाकरी मागितली.

दुसऱ्या दिवशी भीमण्णा बाजारात आला आणि मीठमिरची घेऊन गेला. हॉटेलच्या बाकड्यावर सकाळपासून जागा धरून बसलेली मंडळी तोंड पाडून उठली. बंडेप्पा डोक्याला रुमाल बांधून शेताकडे गेला होता.

पुढे तालुक्याचे साहेब शांतता सभेला आले. गाव शांत राखल्याबद्दल त्यांनी बसलिंगप्पाच्या गळ्यात हार घातला. तो त्याने मान वाकवून घेतला, डोळेही पुसले.

सिद्धव्वा सभेला गेली नाही. शेवटचा रोगी बरा झाला तरी राखण लगेच उठवायची नसते, हेही अच्युतरावांनी सांगितलं होतं. तिने वाळलेला डहाळा काढला, ताजा बांधला आणि उंबऱ्यात बसली. हार घातलेला भाऊ आता चहाला येणार, हे तिला ठाऊक होतं.