टप लावलेलाच होता

मित्रांनो, मी एक जुनी, दोनच माणसांना पुरणारी, कापडी टपाची गाडी आहे. मला भंगार म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांतले बरेच जण आता हयात नाहीत, आणि मी आहे.

माझा जन्म विलायतेतला. बोटीने मुंबईला उतरले आणि तिथून हैदराबादला एका जहागीरदाराच्या लाडक्या लेकाकडे गेले. त्याला वेगाचे वेड होते, मलाही होते. पुढे निजामाचे राज्य गेले, जहागिरी गेली, आणि हात बदलत बदलत मी निलंग्याच्या व्यंकटरावांच्या गोठ्यात येऊन पडले. बाहत्तरच्या दुष्काळात माणसांनाच प्यायला पाणी नव्हते, तिथे माझ्या रेडिएटरमध्ये कोण ओतणार? एका उपाशी शेळीने तर माझ्या टपाचा मागचा भाग खिडकीच्या कडेपर्यंत चघळून टाकला. हसू नका. तिला मूठभर कडबा मिळाला असता तर तिने मला तोंडही लावले नसते.

मग लातूर जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे सत्कार, मिरवणुका आणि झोकात लग्ने, असे लातूरच्या शिवप्पांना वाटले. ते मंडप आणि कनाती भाड्याने देत. त्यांनी मला ट्रॅक्टरला बांधून नेले, इंजिन दुरुस्त केले, लालभडक रंग दिला आणि वरातींना जुंपले. नवरदेव टप मागे दुमडून ऐटीत बसत, त्यामुळे मागचे भगदाड कुणाला दिसत नसे. लोक वळून वळून बघत. कौतुक मला आवडते, खोटे कशाला बोलू?

शिवप्पांच्या दुकानात पंचशीला कनाती शिवायची. ती चाकूरजवळच्या एका गावातल्या बौद्ध वस्तीतली. जीभ फटकळ, पण हात सोन्याचा. शिवप्पा कर्नाटकच्या सीमेकडचे, ते तिला कानडीत तंगी म्हणत, म्हणजे धाकटी बहीण. नांदेडला पोस्टात असलेल्या साहेबरावाशी तिचे लग्न ठरले तेव्हा ते म्हणाले, "वरातीला आपली लाल गाडी. भाड्याचं नाव काढू नगंस, तंगी." लग्न तिच्याच गावी होते. लग्न लागले की मी नवरा-नवरीला घेऊन वेशीतून, चावडीवरून, सडकेला लागायचे, असा बेत होता.

एके दिवशी तिचे वडील भीमा दुकानात आले. चेहरा उतरलेला. गावात शेषेराव तात्यांचा शब्द चाले, आणि भीमा त्यांच्याच शेतात सालाने राबत. वस्तीच्या वराती आजवर मागच्या पांदीने, चिखलकाट्यातून जात आल्या होत्या. चावडीवरून एकही गेली नव्हती.

"तात्या म्हन्ले, न्या गाडी चावडीवरून," भीमा म्हणाले. "पर टप लावून. चावडी सरंस्तोवर टप उघडायचा न्हाई. म्या व्हय म्हनून आलो, पोरी."

"म्हंजी मला झाकून न्यायचं? माझ्याच गावातून?"

"तू जाशील नांदेडला. मला तिथंच राहायचंय."

शब्द मोडावा तर भोगणार बाप. पाळावा तर स्वतःच्या वरातीत बोचक्यासारखे जायचे. माझा तर संतापाने तिळपापड झाला. उभ्या आयुष्यात मी कुणाला लपवून नेलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पंचशीलाने चांगली जाड ताडपत्री काढली आणि माझा नवा टप शिवायला घेतला. मागच्या खिडकीची जागा तिने आधी जमिनीवरच कापली आणि फसली. टप माझ्या सांगाड्यावर ताणून बसवल्यावर कापड ओढले गेले, खिडकी तिरकी झाली, एकही बटण समोरच्या बटणाला गाठेना. चरफडत तिने तो तुकडा उसवला. दुसऱ्या खेपेला आधी टप ताणून बसवला, मग स्वतः सीटवर उलटी गुडघे टेकून बसली आणि आतून खडूने खुणा केल्या. कापलेल्या कडेला दुहेरी पट्टी शिवली. जाड पारदर्शक प्लॅस्टिकलाही तशीच पट्टी लावली. मग दोन्हींना समोरासमोर टिच बटणे. ती आतून ठोकळा धरायची, शिवप्पा बाहेरून हातोडी मारायचे. एका झटक्यात निघेल आणि एका दाबात बसेल अशी खिडकी तयार झाली.

"केवढी ही खिडकी!" शिवप्पा म्हणाले. "यातनं वासरू जाईल."

"मानूस जायला पायजे, मामा."

शिवप्पांचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "दगड आले तर?"

"टप माझ्या हातचा हाय. परत शिवीन."

"आन् माझं डोस्कं?"

"तेबी शिवीन."

ते खदखदून हसले आणि उरलेली बटणे ठोकू लागले. त्या दिवसापासून मला त्या माणसाचा अभिमान वाटतो.

वरात निघाली ती भर उन्हाची. टप घट्ट लावलेला, बाजूचे पडदे ओढलेले. चाकावर शिवप्पा, शेजारी पंचशीला पांढऱ्या साडीत, घामाने निथळत. तिला जवळजवळ मांडीवर घेऊन साहेबराव अंग चोरून बसलेला. मागे वस्तीतल्या बाया गाणी म्हणत चालत होत्या, आणि सगळ्यांच्या मागे खाली मान घालून भीमा. चावडीच्या ओट्यावर शेषेराव चार माणसांसह बसले होते. लावलेला टप पाहून त्यांनी मान डोलावली.

माझे तोंड चावडीपुढे सरकले मात्र, पंचशीलाने चपला काढल्या आणि सीटवर उलटे गुडघे टेकले. टिच, टिच, टिच. खिडकी निघाली. ती कमरेपर्यंत बाहेर आली आणि दोन्ही हात माझ्या डिकीवर टेकवून तिने मान ताठ केली. गळ्यात हार, कपाळावर ऊन.

"भीमा!" शेषेराव ओरडत उठले. "टप उघडायचा न्हाई, असं ठरलं व्हतं!"

"टप लावलेलाच हाय, तात्या," पंचशीला म्हणाली. "या, हात लावून बघा."

ते आले नाहीत. "काढ रे गाडी पुढं!" असे मात्र शिवप्पांवर खेकसले. आणि नेमकी तेव्हाच मी बंद झाले. मित्रांनो, गाडी तापली होती, असे शिवप्पा पुढे लोकांना सांगत. तापले तर मी होतेच. पण मी बंद पडले नव्हते, थांबले होते. ऐन चावडीसमोर.

शेषेरावांनी पुन्हा भीमांच्या नावाने हाक मारली. बाया बाजूला झाल्या आणि भीमा वाट काढत पुढे आले. आता बाप हात जोडणार आणि आपल्याला आत जायला सांगणार, असे पंचशीलाला वाटले. बाप म्हणाला असता, तर ती आत गेली असती.

भीमांनी तिच्या हातांशेजारी माझ्या डिकीवर आपले दोन्ही तळवे ठेवले. लेकीच्या तोंडाकडे पाहिले. मग वस्तीतल्या तरुणांना म्हणाले, "लावा हात."

पोरांनी एकदम जोर लावला तशी मी झपकन पुढे सरकले. भीमांनी मान वर केली आणि चावडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दमानं ढकला. घाई कशाची हाय?"

पुढल्या साली शेषेरावांनी भीमांना कामावर ठेवले नाही. लातुरात नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या बांधल्या जात होत्या, तिथे ते विटा वाहायला गेले. त्रास झाला, तो मी लपवणार नाही. पण वस्तीची पुढची वरात चावडीवरूनच गेली, आणि टपाचा विषय कुणी काढला नाही.

आता मी एका पत्र्याच्या शेडमध्ये आहे. जुन्या गाड्यांचे शौकीन येतात, टपावर हात फिरवतात आणि म्हणतात, ही खिडकी चुकीची आहे, मूळची लहान आणि शिवलेली होती, तशी करून घेऊ. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. धूळ पुसा, तेलपाणी करा, टायरमध्ये हवा भरा. पण त्यांच्या अंगावर कुणी आपल्या हाताने काही केले असेल, तर ते का केले हे आधी विचारा. माझी खिडकी कुणी शिवून टाकायला आला, तर त्याच्या सुया मोडतील, हे मी आजच सांगून ठेवते. जहागीरदाराच्या लेकाची गाडी कधीच संपली. मी पंचशीलाच्या वरातीची गाडी आहे.