तिसरा हात

मी एक मल्टिमीटर बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, एरवी मला एकच शब्द येतो: पीं. माझ्या तारांच्या दोन टोकांमधली विजेची वाट जोडलेली असेल तर पीं, तुटलेली असेल तर गप्प. तेवढंही मी बरोबरच सांगतो, असं छातीठोकपणे म्हणणार नाही. मध्यंतरी तर माझा स्वतःवरचा विश्वास पार उडाला होता.

माझा जन्म बल्गेरियातल्या स्टारा झागोरा शहरात, एका कारखान्यात झाला. माझ्या पोटातले सगळे डाख स्तेफ्का नावाच्या मुलीने दिले. मला तपासायला इंजिनियर ग्रोझदान आला, आणि मी ठणठणीत असूनही तो तिच्या टेबलापाशी रेंगाळत राहिला. लग्नानंतर ती दोघं मला घरी घेऊन आली.

सुटे भाग आणून घरी काहीबाही जोडायची दोघांना फार हौस. आज रेडिओ, उद्या लुकलुकणारे दिवे. काही चाललं नाही की संशय आधी बटणावर जायचा आणि मला बोलावणं यायचं. बटण तपासायला तीन हात लागतात. दोन हातांनी माझ्या तारांची टोकं बटणाच्या दोन पायांना टेकवायची आणि तिसऱ्या हाताने बटण दाबायचं. तारांना चिमटे लावले तर एकट्यालाही जमतं. चिमटे डब्यात होतेही. पण ते कधी बाहेर निघाले नाहीत.

"दाब," तो म्हणायचा.

ती दाबायची. "वाजलं."

"नक्की?"

"नाही, मी गाणं म्हटलं! वाजलं म्हणते ना."

मला नवल वाटायचं. वाजायचो मी, आणि वाजल्याचं सांगायची ती. वयापरत्वे माझ्या पडद्यावरचे आकडे अर्धे पुसले गेले, आठाचा तीन दिसू लागला. तरी कुणाचं काही अडलं नाही. तिचं "वाजलं" पुरेसं होतं.

मग एका वसंतात स्तेफ्का गेली. मी कपाटात होतो. मला कळलं ते घरातल्या शांततेवरून.

शरदात तिला जाऊन सहा महिने झाले. ग्रोझदानने रिवाजाप्रमाणे तिच्या फोटोचा, सर्वांना बोलावणारा कागद इमारतीच्या खालच्या दारावर चिकटवला. गहू उकडून, साखर पेरून ताट भरलं, छोटे पेले मांडले आणि स्वच्छ सदरा घालून बसून राहिला. कुणीही आलं नाही. संध्याकाळी साखरेला पाणी सुटलं. त्याने ताट झाकलं आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाला, "विसरले गं तुला."

पुढे एकदा टपालवाली त्याला जिन्यातच भेटली. उघड्या दारातून तिचा आवाज माझ्यापर्यंत आला. "आजोबा, तुमची बेल मेली की काय? खालच्या दाराशी दाबून दाबून बोट दुखलं माझं!"

बेल मेली! त्याला कामच मिळालं. नव्या बेलचे सुटे भाग आले, टेबलावर दिवा लागला आणि मी कपाटाबाहेर आलो. त्याने चिमटे शोधून काढले, माझी टोकं नव्या बटणाला लावली आणि बटण दाबलं.

मी वाजलो. तो तसाच बसून राहिला.

पुन्हा दाबलं. मी पुन्हा वाजलो. त्याने ते बटण फेकून दुसरं आणलं. तेही "मेलेलं". मग माझी बॅटरी बदलली, माझी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली. मी जीव तोडून ओरडलो. त्याने मला उलटंपालटं केलं आणि हळूच म्हणाला, "तूही गेलास तर."

त्यानंतर मलाही शंका येऊ लागली. मी खरंच वाजतोय, की वाजल्यासारखं मला नुसतं वाटतंय? समोरचा ऐकत नसेल, तर हे कुणी ठरवायचं? केराच्या डब्याशेजारी पडून मी याचाच विचार करत होतो.

तेवढ्यात दार धडाधडा वाजलं. मुठीने. ते मात्र त्याला लगेच ऐकू आलं. दारात खालच्या मजल्यावरची दोन्का होती. हातात भरल्या मिरच्यांचं पातेलं, आणि आवाज पातेल्यासारखाच जाडजूड.

"जिवंत आहेस का इंजिनियर? बेल दाबून दमले, शेवटी म्हटलं दारच फोडावं."

"बेल बिघडलीय. नवी करतोय, तर बटणच खराब. मीटरही गेला."

"बघू." तिने पातेलं ठेवलं, मला उचललं, माझे चिमटे बटणाला लावले आणि ते दाबलं. "वाजतंय की!"

"कुठे?"

"अरे, कानात सुई घातल्यासारखं वाजतंय. आणि तुझी ती बाहेरची बेलही वाजते, खालपर्यंत ऐकू येते." बोलता बोलता ती थांबली. "ग्रोझदान, तुला खरंच ऐकू येत नाही?"

त्याने मला तिच्या हातातून घेऊन कानाशी धरलं.

"म्हणजे स्तेफ्काच्या सहा महिन्यांनाही तुला ऐकू आलं नव्हतं? आम्ही सगळे दारात होतो रे, फुलं घेऊन. वाटलं, तुला कुणाला भेटायचं नाहीये. मग गेलो."

तो खुर्चीत बसला. त्याच्या कानातून बारीक आवाज कधीच निघून गेले होते. इतकी वर्षं बटण दाबणारी स्तेफ्काच त्याचे कानही झाली होती. तिने ते कधी त्याला जाणवू दिलं नाही.

नवी बेल त्याने मुद्दाम जाड आवाजाची केली, रेड्यासारखी हंबरते. घोटाळा एवढाच, की ती फारशी हंबरत नाही. अनेकदा परत गेलेली माणसं एकदम परत येत नाहीत. आणि पूर्वी शांततेबद्दल शंका तरी घेता यायची. आता बेल वाजली नाही, म्हणजे कुणी आलंच नाही.

परवा दुपारी ती शांतता त्याला सोसवेना. त्याने मला कोटाच्या खिशात घातलं, चिमटे टेबलावरच ठेवले आणि जिना उतरून दोन्काचं दार ठोठावलं.

"तुझ्या बेलचं बटण तपासायला आलोय."

"चांगलं चाललंय माझं बटण."

"तरी बघतो. तू फक्त दाब."

त्याने बटण उघडून माझी टोकं टेकवली. तिने दाबलं. मी वाजलो. त्याचा चेहरा कोराच होता. तो माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत थांबला होता.

"वाजलं," ती म्हणाली.

आता मी त्याच खिशात असतो, एकेका मजल्यावरच्या दारांशी जातो. मी म्हातारा झालोय, किती दिवस टिकेन सांगता येत नाही. तुमच्या दाराशी असा कुणी चांगलं बटण तपासायला आला, तर त्याला परत पाठवू नका. बटण दाबा. आणि मी वाजलो, की ते त्याला मोठ्याने सांगा.