दहा तासांवरचं बाळंतपण

सगळी गल्ली त्यांना नर्सबाई म्हणे. उभा जन्म प्रसूतिगृहात दुसऱ्यांच्या लेकी सोडवण्यात गेला, पण स्वतःच्या लेकीच्या बाळंतपणाला पोहोचायचं तर मध्ये अख्खा समुद्र आडवा!

"सरळ उडालं तर तेरा तास," तिकीटवाला म्हणाला होता. "पण सरळ जाणारं विमानच नाही. मध्ये उतरून दुसरं धरायचं. दीड दिवस धरा."

"म्हणजे द्राविडी प्राणायामच की!" असं म्हणून नर्सबाईंनी तारखेच्या तीन आठवडे आधीचं तिकीट काढलं. मधल्या विमानतळावर त्या निवांत चहा घेत होत्या, तोच जावयाचा फोन आला.

"आई, तिला कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात आणलंय. डॉक्टर म्हणतात, आता फार वेळ नाही."

त्याने फोन लेकीच्या कानाशी धरला. नेमकी तेव्हाच विमानाची घोषणा झाली. आत बसलं की पुढचे दहा तास फोन बंद.

"आई, तू निघ. विमान चुकेल," लेक धापा टाकत म्हणाली. आणि पाठोपाठ, "नको ना गं जाऊस."

विमानात बसून काही वेळेवर पोहोचणं होणार नव्हतं. नर्सबाईंनी पुढे सरकणाऱ्या रांगेकडे एकदा पाहिलं. मग पिशवी भिंतीशी टेकवली, चार्जर खोचला आणि वायर आखूड म्हणून खाली फरशीवरच फतकल मारली.

"बसलेय मी. कुठे जात नाही. कळ आली की लांब श्वास सोड. आणि डॉक्टर सांगेपर्यंत जोर लावायचा नाही."

"कमरेचे तुकडे होतायत गं!"

"होऊ देत, मागाहून जोडू आपण."

लेक रडता रडता हसली. विमान गेलं. जावई मधूनमधून डॉक्टरांचं बोलणं सांगत होता. शेवटी तो ओरडला, "आई, आता म्हणतायत!"

"हां, लाव जोर! शाब्बास! अजून!" नर्सबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की शेजारच्या बाकावर घोरणारे गृहस्थ ताडकन उठून बसले.

आणि मग फोनमधून ट्यांहां ऐकू आलं. हजारदा ऐकलेला आवाज, तरी नर्सबाईंना हुंदका आवरेना. त्या गृहस्थांना काय झालं ते उमगलं असावं. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "विमान कसं चुकलं?"

"मुलीचं बाळंतपण करत होते."

"इथे?"

"छे, तिकडे. दहा तासांवर."

मुलीने हसून दुसऱ्या दिवशीच्या विमानात खिडकीजवळची जागा दिली.

नर्सबाई पोहोचल्या तेव्हा लेक गाढ झोपली होती.

"उठवू का?" जावयाने विचारलं.

"खबरदार!" त्या कुजबुजल्या. हात धुऊन त्यांनी नातीला उचललं. टाळू बघितली, बेंबी बघितली, बोटं मोजायला घेतली. पण ते राहिलंच. दुपट्यात नाक खुपसून त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.