कोर्टात वाजलेली गवळण

माझ्या नावावर घर नाही, शेत नाही. इंटरनेट मात्र आहे. पुण्याला नोकरी करणाऱ्या अभिमन्यूने, माझ्या मुलाने, ते शिरूर कासारच्या आमच्या घरात बसवून दिलं. आईचा चेहरा रोज दिसावा, एवढाच त्याचा हट्ट. मी मात्र त्याला पासवर्ड घालू दिला नाही. दिवाळी सरली की आमच्या आळीतली निम्मी घरं ऊसतोडीला जातात आणि मागे म्हातारी माणसं उरतात. ऊन उतरलं की ती माझ्या ओट्यावर येतात आणि फोनमध्ये आपापली लेकरं बघत बसतात.

आमच्या वेळी हे नव्हतं. मीही नवऱ्याबरोबर तोडीला जायची, तान्ह्या अभिमन्यूला सासूबाईंपाशी ठेवून. गावाकडे निरोप जायचा तो ट्रकवाल्याच्या तोंडून, आणि तोही सगळ्या घरांना मिळून एकच: ‘समदे बरे हायेत.’ कोणाचं बोट तुटलेलं असो, कोणी बाळंतीण झालेली असो, निरोप तोच. एका उन्हाळ्यात मी परत आले, तर अभिमन्यू मला पाहून सासूबाईंच्या पदरामागे लपला. आवाज सोडा, माझा चेहराही तो विसरला होता.

म्हणून सुंदरबाईला मी माझा जुना फोन देऊन टाकला. ती माझी शेजारीण. तिची सून दिपाली आणि मुलगा कोल्हापूरकडच्या कारखान्यावर गेले होते, तीन वर्षांच्या स्वप्नालीला, आजीच्या लाडक्या सपीला, घेऊन. ही पोर जन्मल्यापासून गवळणींच्या एका कॅसेटवर झोपायची. घशाच्या दुखण्याने सुंदरबाईचा गाण्याचा आवाज गेलेला, नुसती घरघर उरलेली. तेव्हा ती जुना टेप घेऊन ओट्याच्या कोपऱ्यात बसे, फोन उताणा ठेवी, कॅसेट लावी आणि तिकडे कोपीत, पाचटाच्या झोपडीत, पोर झोपे.

फोन कसा लावायचा हे तिला कोणी शिकवलं देव जाणे. ती दाबायची एक लाल गोळा. तो फोन लावायचा नव्हताच, ‘लाइव्ह’चा होता. त्यावर बोट पडलं की गाणं साऱ्या जगाला ऐकू जायचं आणि कायमचं तिथेच राहायचं. दिपालीच्या मोबाइलवर घंटी वाजे, ती उघडे, गाणं लागे. सासूचा चेहरा दिसत नाही म्हणजे रेंज नसेल, असं तिला वाटे.

ती गवळणींची कॅसेट बाजारात आणणारे बंकटराव आमच्याच जिल्ह्यातले. त्यांनी माझ्यावर दावा लावला. त्यांची सगळी गाणी माझ्या नावाने जगभर पसरली होती आणि हजारो लोक फुकट ऐकत होते. फोनमधल्या खात्यावर नाव माझं, इंटरनेट माझं.

मी बीडला अमरसिंह वकिलांकडे गेले. त्यांनी पुराव्यातला व्हिडिओ लावला. पडद्यावर माझ्या ओट्याचे पत्रे दिसले, गवळण सुरू झाली, आणि मला सगळं कळलं.

“वकीलसाहेब, हे कोणी केलं ते मला—”

“थांबा, काकू!” त्यांनी कानावर हात ठेवले. “मला सांगू नका. जे मला माहीतच नाही, ते मी लपवतोय असं कोणी म्हणणार नाही. खातं आणि कनेक्शन तुमचं आहे, एवढंच त्यांच्यापाशी आहे. बोट कोणाचं होतं, ते त्यांनी सिद्ध करायचं.”

“आणि नाव कळलं तर?”

“तर त्या माणसाला प्रतिवादी करतील.”

मी तोंड मिटलं. सुंदरबाईला मी ओळखते. ग्रामपंचायतीचा कागद आला तरी तिला धाप लागते. कोर्टात तिचं नाव आलं तर ती फोनला पुन्हा हात लावणार नाही, आणि उन्हाळ्यात पोर येईल तेव्हा आजीच्या पदरात शिरायचं की पदर बघून पळायचं, हा प्रश्न पडेल. लाल गोळ्याऐवजी साध्या फोनचं बटण दाबायला मी तिला शिकवलं, आणि “तो गोळा बिघडलाय” एवढंच सांगितलं.

तारखेच्या दिवशी सुंदरबाई भाकरी बांधून एसटी स्टँडवर हजर.

“एकलीच कावून जाता अक्का? मी हाय की संगं.”

“अगं, इंटरनेटवाल्यांचं भांडण आहे. तुझं काय काम?”

“भांडान हाय म्हनूनच येती. तुमाला भांडता येतंय व्हय?”

नको म्हणायला कारण सापडेना. कारण सांगितलं असतं, तर सगळंच सांगावं लागलं असतं.

कोर्टात बंकटरावांचा तांत्रिक माणूस पिंजऱ्यात उभा राहिला. अमरसिंहांनी विचारलं, “इंटरनेट कुठलं हे सांगणारे हे तुमचे आयपी नंबर. या आकड्यांवरून घर कळतं?”

“कनेक्शन कळतं, साहेब. त्यावरून घर.”

“त्या घराचं इंटरनेट ओट्यावर मिळतं? रस्त्यावर?”

“मिळतं.”

“पासवर्ड आहे?”

“नाही.”

“मग फोन कोणाच्या हातात होता, हे तुमच्या आकड्यांतून कळतं का?”

त्याने बंकटरावांच्या वकिलांकडे पाहिलं. “नाही कळत.”

माझा जीव भांड्यात पडला. मग बंकटरावांचे वकील उठले आणि व्हिडिओतला आवाज न्यायालयाने ऐकावा अशी विनंती केली.

गवळण सुरू झाली. दालनात टाळ वाजू लागले. मागच्या बाकावरचा एक पक्षकार मान डोलवायला लागला. गाण्याच्या आडून, अगदी हळू, एक घरघरता आवाज आला, “नीज गं माय, सपे, नीज.”

मी डोळे मिटले. शेजारी सुंदरबाई ताडकन उठली होती.

“आगं बया! ह्यो तं माझाच आवाज की! अक्का, मी आले बगा हिथं!”

शिपाई धावला. अमरसिंहांनी कपाळाला हात लावला.

न्यायाधीशबाईंनी चष्मा वर केला. “तुम्ही कोण?”

“सुंदरबाई. सपीची आजी.” तिने गाणं वाजवणाऱ्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं. “तिला झोपवायलते तवाचं हाय ते. तुमच्याकडं कसं आलं?”

मग तिला कोणीतरी समजावून सांगितलं, आणि माझ्या देखत तिचा चेहरा राखेसारखा झाला. “म्हंजी माझ्यापायी अक्कावर केस?”

बंकटराव तिच्याकडे एकटक पाहत होते. पिकल्या मिशांचा माणूस. त्यांनी आपल्या वकिलांना बाहेर नेलं, आणि जेवणाच्या सुट्टीत दोघं आमच्याकडे आले.

“मावशी, मला वाटलं कोणीतरी धंदा मांडलाय,” बंकटराव म्हणाले. “ती गाणी काढून टाका. पुन्हा जगाला ऐकवणार नाही, एवढं लिहून द्या. मी दावा मिटवतो.”

“आन् माझी सपी?”

“तिला खुशाल ऐकवा. फक्त तिलाच.”

तडजोडीचा कागद झाला. मी सही केली, सुंदरबाईने अंगठा दिला. येताना एसटीत तिने बांधून आणलेली भाकरी सोडलीही नाही.

दुसऱ्या दिवशी फोन माझ्या उंबऱ्यात ठेवून गेली. ओट्यावर येईना. तिकडून दिपालीचा फोन आला, पोर रडरड करतेय म्हणून. मी सुंदरबाईच्या दारात जाऊन बसले.

“न्हाई अक्का. माझ्या बोटात अवदसा हाय.”

“बोट माझं वापर.”

“म्हंजी?”

“मी लावते. तू फक्त बस.”

तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्यामागून आली. मी फोन लावला, उभा धरला. या वेळी पडद्यावर खरोखर स्वप्नाली आली, नाकाला शेंबूड, मागे पाचटाची कोपी. किती दिवसांनी आजीचं तोंड दिसलं म्हणून आधी नुसती बघतच राहिली.

“आजे, कुठं गेलतीस?”

“कोर्टात गेलते, माय.”

पोरीने विचार केला. तिच्या लेखी माणूस गावाबाहेर जातं ते एकाच कामाला. “ऊस तोडायला?”

सुंदरबाई हसली. कोर्टातून आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या घशात हसण्याची घरघर झाली. “व्हय गं बाई. तिकडंबी लई ऊस हाय.”

मग टेप लावायचं कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. तशीच घरघरत्या आवाजात ती गवळण म्हणू लागली, मी फोन धरून बसले. हात भरून आला, पण पोरीचे डोळे मिटेपर्यंत मी तो हलू दिला नाही.